डोळ्याचं विरजण

माघ महिना होता. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या शेतात ज्वारीची मळणी चालली होती. यंत्राच्या एका तोंडातून टपोरे दाणे पडत होते आणि दुसऱ्या तोंडातून भुसकटाचा पिवळाधमक फवारा उडत होता. सई, म्हणजे माझी भाची, चौथीत आहे. तिला नेमकं त्या फवाऱ्यासमोरच उभं राहायचं होतं. व्हायचं तेच झालं.

"आत्या, डोळ्यात गेलं!"

आजी लगबगीने पदराचा बोळा करत पुढे आली. तोंडाची ऊब देऊन डोळा शेकायचा, हा तिचा जुना उपाय. माझ्या लहानपणी तिने माझा डोळा असाच कितीदा शेकला आहे. पण या वेळी मी तिला थांबवलं. शेतातल्या पाल्यापाचोळ्यावर बुरशी असते. ओरखडा पडलेल्या डोळ्यात ती शिरली, तर दुखणं फार वाईट थराला जातं. म्हणून आधी स्वच्छ पाण्याने डोळा धुतला, "चोळू नकोस" असं सईला दहादा बजावलं आणि मोटरसायकलवरून तिला गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी डोळा बधिर करायचे थेंब घातले आणि भुसकटाचा इवलासा तुकडा अलगद काढला. मग त्यांनी नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी सईच्या पापणीच्या आत टेकवली, खोलीतला दिवा बंद केला आणि डोळ्यावर निळा उजेड टाकला. मलाही त्यांनी त्यांच्या यंत्रातून पाहू दिलं. काय दिसलं सांगू? सईच्या डोळ्यावर एक हिरवीगार, लखलखती रेघ! सईला ते सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या डोळ्यात रेडियम लावलंय?"

रेडियम नव्हे. पट्टीवरचा तो रंग डोळ्याच्या धडधाकट भागावर टिकत नाही, पण जिथे साल निघालेली असते तिथे जाऊन बसतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. ती हिरवी रेघ म्हणजे सईच्या डोळ्यावरचा ओरखडा होता.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. तीच पट्टी, तोच निळा उजेड. पण रेघ कुठे गेली? एका टोकाला एक बारीक ठिपका उरला होता, एवढंच. मी डॉक्टरांना म्हटलं, "काय औषध दिलंत हो!" तर ते म्हणाले, "मी फक्त जंतू लांब ठेवायचे थेंब दिले. भरून काढलं ते तिच्या डोळ्यानेच."

घरी येताना सई मागे बसून बराच वेळ गप्प होती. मग माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं, "आत्या, डोळ्याने सामान कुठून आणलं?"

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. त्याच्या मागे मागे मी हैदराबादला गेले, जपानला गेले, स्पेनला गेले, अर्थात पुस्तकांतून आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या शोधनिबंधांतून. जे सापडलं ते इतकं भन्नाट आहे, की ते फक्त सईला सांगून माझं समाधान होईना.

आधी एक गंमत करून बघा. तुमच्या दोस्ताला खिडकीशी उभं करा, त्याला समोर पाहायला सांगा आणि तुम्ही त्याच्या डोळ्याकडे एका बाजूने बघा. बुबुळाच्या पुढे एक पारदर्शक घुमट दिसेल, घड्याळाच्या काचेसारखा. एरवी समोरून पाहताना तो दिसतच नाही, कारण आपण त्याच्या आरपार पाहत असतो. हे आहे पारपटल. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. आकार शर्टाच्या बटणाएवढा. जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे तुमच्या वहीची पाचेक पानं एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी. एवढीशी ही काच, पण डोळ्यात शिरणारा उजेड वळवून नीट चित्र उमटवायचं दोन तृतीयांश काम ती करते. डोळ्याच्या आतल्या भिंगाचा बोलबाला फार, पण जास्त कष्ट ही पुढची काचच उपसते.

आणि ही काच जिवंत आहे! तिच्यात रक्ताची एकही नळी नाही. असती तर उजेडाची वाट अडली असती. मग ती श्वास कशी घेते? थेट हवेतून. हवेतला ऑक्सिजन अश्रूंच्या पातळ थरात विरघळतो आणि तिथून तिला मिळतो. रात्री पापण्या मिटल्या, की पापणीच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या तिला ऑक्सिजन पुरवतात. मला तर हे वाचल्यापासून झोपलेल्या माणसाकडे पाहिलं, की पापणी डोळ्याला पांघरूण घालून वर खाऊही देते आहे असं वाटतं.

या काचेच्या अगदी वर पेशींचे पाच ते सात थर असतात. ते सगळे मिळून पाच शतांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाच्या निम्म्याने. सईचा ओरखडा पडला होता तो याच थरांत. वारा, धूळ, पापण्यांची उघडझाप यांनी सगळ्यात वरच्या पेशी झिजतात आणि अश्रूंबरोबर वाहून जातात. खालच्या पेशी वर येतात. असं करत करत आठवडा-दहा दिवसांत तो सगळा पडदा नवा होतो. गेल्या महिन्यात जत्रेतला पाळणा पाहिलात ना? तो ज्या पडद्यातून पाहिलात, तो आता तुमच्याकडे नाही. वाहून गेला. हा दुसराच आहे!

आता सईचा प्रश्न. रोज नव्या पेशी लागतात, तर त्या येतात कुठून?

१९७१ मध्ये नॉर्वेच्या दोन डॉक्टरांना, डावांगर आणि एव्हेन्सन यांना, गिनीपिगच्या डोळ्यांत एक खूण सापडली. गिनीपिगच्या डोळ्यात बुबुळाच्या काठाशी गडद रंगाच्या पेशी असतात. पारपटलाची साल गेली आणि ती भरून येऊ लागली, की हा रंग काठाकडून मध्याकडे रेघांनी सरकताना दिसे. म्हणजे नव्या पेशी काठावरून निघून आत चालत येत होत्या! मग १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या डोळ्यांत याचा आणखी पक्का पुरावा शोधला. त्यांची युक्ती सांगते. रंगीत सरबताचा एक पेला घ्या. त्यातलं अर्धं दुसऱ्या पेल्यात ओता आणि दोन्ही पेले पाण्याने भरा. पुन्हा तसंच करा, पुन्हा करा. रंग फिका होत जातो ना? शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पेशींना अशीच एक खूण दिली. ज्या पेशी भराभर दुभंगत होत्या, त्यांची खूण विरून गेली. ज्या क्वचितच दुभंगत होत्या, त्यांच्यात ती टिकली. आणि खूण टिकलेल्या अशा संथ पेशी कुठे सापडल्या? फक्त काठावर. पारपटलाच्या मध्यात एकही नाही.

हा काठ तुम्हालाही पाहता येईल. आरशासमोर उभे राहा. डोळ्याचा काळा भाग जिथे संपतो आणि पांढरा सुरू होतो, ती गोल सीमा म्हणजेच तो काठ. तिथे दडून बसलेल्या या पेशींना म्हणतात मूलपेशी. इंग्रजीतून आलेला शब्द स्टेम सेल. यातलं 'मूल' म्हणजे मूळ, झाडाचं असतं तसं. पण सईला वाटलं, मूल म्हणजे लेकरू. तिचा अर्थही मला आवडला, कारण मोठेपणी काय व्हायचं हे या पेशीचं अजून पक्कं ठरलेलं नसतं!

मूलपेशी काय करते हे समजायला प्रयोगशाळेत जायला नको, स्वयंपाकघरात चला. आजी रात्री दूध कोमट करते आणि त्यात चमचाभर विरजण घालते. सकाळी घट्ट दही. आपण ते फस्त करतो. पण फस्त करायच्या आधी आजी काय करते? त्यातलं चमचाभर वाटीत काढून ठेवते, उद्यासाठी. माझ्या आठवणीत आजीचं विरजण कधी संपलेलं नाही. मूलपेशीचं अगदी असंच. ती दुभंगते तेव्हा त्यातली काही लेकरं पारपटलाची पेशी व्हायला निघतात आणि काही मूलपेशी म्हणूनच मागे राहतात. म्हणून आयुष्यभर दही लागत राहतं. सईच्या डोळ्याने सामान आणलं ते या वाटीतून.

पण विरजणाची वाटीच सांडली तर?

आता मी जे सांगणार आहे ते जरा दुःखाचं आहे, तरी वाचा. पानवाल्याच्या टपरीवर चुन्याच्या पुड्या टांगलेल्या असतात, पाहिल्यात ना? तंबाखूबरोबर मळायचा ओला चुना. मऊ, फुगीर पुडी दिसली की दाबून बघायचा मोह होतो. ती फुटते, आणि चुना थेट डोळ्यात जातो. असं इतक्या मुलांचं झालं, की आपल्या देशातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात या पुड्यांबद्दल इशारा छापला होता.

चुना इतका वाईट का? साबण कसा करतात आठवा. तेल किंवा चरबी घ्यायची आणि त्यात कॉस्टिक सोडा मिसळायचा. कॉस्टिक सोडा हा अल्क, आणि चुनाही अल्कच. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टन असतं. चुना त्या वेष्टनाचा साबण करत करत आत आत शिरतो. शिवाय त्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात आणि जाळत राहतात. यात काठावरच्या मूलपेशी मेल्या, की मग पारपटलाची रोजची झीज भरणार कोण? शेवटी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची साल काचेवर पसरते आणि येताना आपल्या रक्तवाहिन्याही घेऊन येते. काचेची भिंत होते. उजेड आत जात नाही.

म्हणून दोन गोष्टी पाठ करून ठेवा. ती पुडी हातात घ्यायची नाही. आणि कुणाच्या डोळ्यात चुना गेलाच, तर कुणाला विचारायला धावायचं नाही. आधी नळाखाली किंवा तांब्याने डोळ्यावर स्वच्छ पाणी, भरपूर पाणी, चांगली पंधरा-वीस मिनिटं. मग दवाखाना.

पारपटल बदलता येतं हे तुम्ही ऐकलं असेल. नेत्रदान करतात ते त्यासाठीच. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ या दिवशी झाली. गाव ओलोमोउत्स, आता ते चेक देशात आहे. डॉक्टरांचं नाव एडुआर्ड झिर्म. त्यांच्यापुढे बसलेल्या मजुराचे दोन्ही डोळे कशाने गेले होते, ओळखा! चुन्याने. आणि त्याला पारपटल मिळालं ते अकरा वर्षांच्या एका मुलाचं. लोखंडाचा तुकडा घुसून त्या मुलाचा डोळा निकामी झाला होता आणि तो काढावाच लागणार होता. झिर्म यांनी मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली, त्यातली एका डोळ्याची काच स्वच्छ राहिली आणि त्याला पुन्हा दिसू लागलं.

पण ज्याचा सगळा काठच जळला आहे, त्याला नुसती नवी काच बसवून भागत नाही. ती काचसुद्धा रोज झिजणारच. तिला दही लावायला विरजण हवंच.

ते आणायचं कुठून? एकच डोळा जळला असेल तर उत्तर सोपं आहे, शेजारच्या डोळ्यातून! १९९७ मध्ये इटलीच्या ग्रात्सिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी चांगल्या डोळ्याच्या काठाचा अगदी छोटा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत त्याचा अख्खा पडदा वाढवला आणि तो जळालेल्या डोळ्यावर बसवला. काम फार सुंदर, पण त्याला मोठी प्रयोगशाळा हवी आणि खूप पैसे हवेत.

इथे मला हैदराबादची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तिथे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी ती १९८७ मध्ये सुरू केली. ज्यांच्या नावाने ती आहे ते एल. व्ही. प्रसाद सिनेमातले. 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटात त्यांनी कामही केलं होतं. या संस्थेतले डॉक्टर वीरेंद्र सांगवान आणि त्यांचे सोबती बरीच वर्षं प्रयोगशाळेत पडदे वाढवून रुग्णांना बसवत होते. मग त्यांना वाटलं, वाढ प्रयोगशाळेतच कशाला व्हायला हवी? डोळ्यातच होऊ दे की!

कोकणात किंवा मावळात भातलावणी पाहिली आहे तुम्ही? एका लहान वाफ्यात दाट रोपं करतात, मग ती उपटून, मूठमूठ सोडवून, चिखलात अंतराअंतराने लावतात. महिनाभरात सगळं खाचर हिरवं. सांगवान यांनी डोळ्यात लावणीच केली! चांगल्या डोळ्याच्या काठाचा दोन मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद एवढाच तुकडा घ्यायचा. त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे. जळालेल्या डोळ्यावरची ती भलती साल सोलून काढायची. तिथे एक नाजूक पापुद्रा अंथरायचा. हा पापुद्रा कुठला ठाऊक आहे? आईच्या पोटात बाळ ज्या पिशवीत असतं, तिचा. बाळ जन्मल्यावर ती पिशवी टाकूनच दिली जाते. हा पापुद्रा म्हणजे चिखलणी केलेलं खाचर. त्यावर ते कण अंतराअंतराने मांडायचे आणि रक्त गोठवणाऱ्या द्रव्यांपासून केलेल्या डिंकाने चिकटवायचे. प्रत्येक कणाभोवती पेशी वाढत जातात, एकमेकींना भेटतात, आणि काही दिवसांत सगळं खाचर भरून जातं. प्रयोगशाळा नको, दुसरी फेरी नको, सगळं एकाच शस्त्रक्रियेत.

२०१२ मध्ये त्यांनी पहिल्या सहा रुग्णांची हकिगत छापली. २०१६ मध्ये सव्वाशे रुग्णांची. त्या सव्वाशेंत जवळजवळ निम्मी मुलं होती. दर चार डोळ्यांपैकी साधारण तीन डोळ्यांचा पृष्ठभाग पुन्हा नीट झाला. आज जगात कितीतरी ठिकाणी हीच पद्धत वापरतात. मला विचाराल तर ही लावणी शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

सईला हे सांगत होते तेव्हा तिने मला मध्येच अडवलं. "पण आत्या, ज्याचे दोन्ही डोळे जळले त्याचं काय? त्या झिर्मच्या मजुरासारखे?"

बरोबर. दोन्ही वाट्या सांडल्या तर विरजण शेजारच्या घरातून आणावं लागणार. दुसऱ्या माणसाच्या डोळ्याचा काठ आणता येतो, पण शरीर परक्या पेशींना हुसकून लावायला बघतं, आणि त्याला आवरायची औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, त्याच माणसाच्या शरीरात दुसरीकडे कुठे काही मिळतं का पाहू.

जपानमधल्या ओसाकाच्या कोहजी निशिदा यांना ते गालात मिळालं. गालाच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून पाहा. मऊ, ओलं, गुळगुळीत. डोळ्याच्या पृष्ठभागासारखंच! २००४ मध्ये त्यांनी गालातल्या पेशींचा पडदा वाढवून चार रुग्णांच्या डोळ्यांवर बसवल्याचं प्रसिद्ध केलं. तो पडदा त्यांनी एका जादूच्या बशीत वाढवला. बशी उबदार असेतोवर पेशी तिला घट्ट चिकटून राहतात, आणि बशी गार केली, की अख्खा पडदा न फाटता आपोआप सुटतो, तव्यावरून जाळीदार घावन सुटावं तसा. त्यामुळे तो टाके न घालता डोळ्यावर अलगद बसवता आला.

आणि आता त्या जागेबद्दल, जी सांगितल्यावर सई खो खो हसली. पोटावरची चरबी!

चरबी म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण २००१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सोबत्यांनी एक वेगळाच उद्योग केला. काही लोक शस्त्रक्रिया करून अंगावरची चरबी शोषून घेतात. ती निघालेली चरबी टाकून दिली जायची. झुक यांनी ती टाकू दिली नाही. त्यांनी तिच्यातून अशा पेशी वेगळ्या केल्या, ज्यांना योग्य खाऊ दिला तर त्या हाड, कूर्चा किंवा स्नायू यांच्या पेशींसारख्या होऊ लागत. म्हणजे चरबीच्या घडीत मूलपेशी दडलेल्या होत्या!

त्या वेगळ्या कशा करतात? ताक घुसळल्यावर लोणी वर येतं, आणि आपण वरचं ते लोणी काढून घेतो. इथे नेमकं उलटं. आधी चरबी धुतात, तिच्यातले चिवट धागे सोडवणारं एक द्रव्य घालतात आणि मग ती नळीत भरून यंत्रात गरगर फिरवतात. तेलकट चरबी हलकी, ती वर तरंगते. ती फेकून द्यायची! तळाशी जो चिमूटभर गाळ बसतो, तो मोलाचा, कारण मूलपेशी त्यातच असतात. मग त्यांना उबदार पेटीत, शरीराच्या तापमानाला, खाऊपिऊ घालून वाढवतात.

पोटावरच्या पेशी डोळ्यात जाऊन काय करणार? मलाही हाच प्रश्न पडला होता. स्पेनमधल्या वायादोलिद शहरातल्या शास्त्रज्ञांनी हे सशांवर करून पाहिलं. त्यांनी माणसाच्या चरबीतल्या मूलपेशी सशांच्या इजा झालेल्या डोळ्यांवर ठेवल्या. पेशी सुजलेल्या जागेकडे चालत गेल्या. सूज कमी झाली, नको तिथे वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांना आळा बसला, काच धुरकट व्हायचं प्रमाणही घटलं. काठावरच्या पेशींच्या काही खुणा थोड्याफार परत आल्या. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे या पेशी स्वतः नवं अंगण सारवतात, त्याहून जास्त त्या घरातला कलह शांत करतात. अंगातून अशी द्रव्यं सोडतात, की उरल्यासुरल्या मूळच्या पेशींना पुन्हा कामाला लागायचं बळ मिळतं. अंगणात भांडण पेटलेलं असताना आधी सगळ्यांना पाणी देणारी एक शहाणी शेजारीण असते ना, मला या पेशी तशा वाटतात.

त्याच स्पेनमधल्या आलिकांते गावचे डॉक्टर होर्खे आलिओ यांनी याहून धाडसाचं पाऊल टाकलं. एक आजार असतो ज्यात पारपटल पातळ होत जातं आणि घुमटाऐवजी शंकूसारखं पुढे येतं. चित्र वेडंवाकडं दिसतं. सतत डोळे चोळणाऱ्यांत तो जास्त आढळतो, म्हणून मी सईला दहादा ओरडत होते! आलिओ यांनी अशा पाच रुग्णांच्या पोटावरची थोडी चरबी घेतली, मूलपेशी वाढवल्या, पारपटलाच्या जाडीत लेसरने एक चपटा खिसा केला आणि सुमारे तीस लाख पेशी त्यात सोडल्या. पेशी तिथे जगल्या. त्यांनी थोडे नवे धागेही विणले, ज्या धाग्यांचं पारपटल बनलेलं असतं तेच. काच धुरकट झाली नाही. रुग्णांना थोडं बरं दिसू लागलं. थोडंच. त्या पाच जणांचा आजार काही नाहीसा झाला नाही.

'थोडं' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. चरबीतल्या मूलपेशी हे अजून दवाखान्यातलं रोजचं औषध नाही, त्यांची परीक्षा चालू आहे. पाच रुग्ण, सात रुग्ण, मग पन्नास, मग शेकडो, अशी ती पायरीपायरीने होते. घाई केली तर काय होतं, तेही घडून गेलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तीन वयस्कर बायकांना नीट दिसत नव्हतं. एका ठिकाणी त्यांच्याकडून पैसे घेऊन, पुरेशी परीक्षा न झालेल्या चरबीतल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या आत एकाच दिवशी टोचल्या. होती ती नजरही जवळजवळ गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनी हे जगापुढे मांडलं. वाचून मला दोन दिवस चैन पडलं नव्हतं. त्या बायकांनी किती आशेने डोळे पुढे केले असतील!

रात्री जेवणं झाल्यावर सई आणि मी हे सगळं बोलत ओट्याशी बसलो होतो. आजी दूध कोमट करत होती. सईने आणखी एक शंका काढली. "समज, मी बारीक आहे. माझ्या पोटावर चरबीच नाही. मग दुसऱ्या कुणाची चालेल?"

प्रश्न शहाणा होता, आणि उत्तर डेन्मार्कमध्ये होतं. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी निरोगी लोकांनी दिलेल्या चरबीतल्या मूलपेशी वाढवून, गोठवून तयार ठेवल्या होत्या. ज्यांचे डोळे कोरडे ठणठणीत पडतात, अश्रूच पुरत नाहीत, अशा सात जणांच्या अश्रुग्रंथीत त्या टोचल्या. ही ग्रंथी भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या आडोशाला असते. पेशी परक्या होत्या, तरी मोठा त्रास कुणाला झाला नाही, आणि डोळ्यांची तक्रार कमी झाली. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. चरबीतल्या मूलपेशींवर शरीर इतर परक्या पेशींइतकं चटकन चिडत नाही, असं दिसतं.

"म्हणजे आजीची मला चालेल?" सई म्हणाली.

"डॉक्टरांची परीक्षा पुरी होऊ दे. मग कदाचित चालेलही."

आजीने दुधात बोट बुडवून ऊब पाहिली. वाटीतलं विरजण त्यात सोडलं, पळीने दोनदा ढवळलं आणि झाकण ठेवलं. मग पदराला हात पुसत सईला म्हणाली, "लागेल तेवढी घे गं बाई."